ट्रकचे आतले चाक : हवा तपासावी कशी, भरावी कशी



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खोडवा, पाचट आणि खताच्या मात्रा यांविषयी लिहितो. ऊस विकास विभागाने ट्रकच्या टायरवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. परवा गट कार्यालयात हा विषय निघाला, तेव्हा एका जाणत्या सभासदांनी विचारलेच, "साहेब, आता पंक्चरचं दुकान काढायचं मनात हाय का काय?" सगळे हसले, आम्हीही हसलो. पण हे लिहायचे कारण हसण्यासारखे नाही.

गेल्या हंगामात, जानेवारीच्या अखेरीस, मिरज पूर्व भागातल्या एका सभासद भगिनीच्या फडात आम्ही उभे होतो. पूर्वहंगामी ऊस, उतारा चांगला. दिवस मावळायच्या सुमारास ट्रक भरून झाला. ड्रायव्हरने चाकाचा पाना घेतला, मागच्या बाहेरच्या टायरवर दोनदा हाणला, फटीतून आतल्या टायरला एकदा टेकवल्यासारखे केले आणि म्हणाला, "टणाटण हाय साहेब." आम्ही मान डोलावली. ट्रक डांबरी रस्त्याला लागून सात-आठ किलोमीटर गेला असेल नसेल, डावीकडचा मागचा बाहेरचा टायर मोठा आवाज करून फुटला. उतरून बघतात तर आतल्या टायरमध्ये हवाच नव्हती. ती त्या दिवशी गेलेली नव्हती, बऱ्याच दिवसांपूर्वी गेलेली होती. ट्यूबचा पार चुरा झाला होता. टायर दोन गेलेले आणि स्टेपनी एक. दुसरा टायर मिरजेहून दुसऱ्या दिवशी दुपारी आला. आदल्या दिवशी तुटलेला ऊस वजनकाट्यावर पोचला तो तिसऱ्या दिवशी सकाळी.

त्या भगिनींनी नंतर आम्हांला एकच विचारले : "ऊस माझा, गाडी तुमच्या कराराची. मग वाळून गेलेलं वजन कुणाचं?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. काटा समोर असेल तेवढेच वजन दाखवतो. ऊस तुटल्यापासून त्यातले पाणी उडत असते आणि साखरही मोडू लागते, म्हणूनच ऊस चोवीस तासांत गव्हाणीत पडला पाहिजे असा आपला आग्रह असतो. वजनात शेकडा एक-दोनच घट धरली तरी दहा टनांमागे शंभर ते दोनशे किलो होतात. शिवाय उसाच्या दरातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होऊनच बिल हातात पडते, हे आपण सारे जाणतो. वाहतूक महागली, गाड्या रखडल्या, की त्याचा भार फिरून शेतकऱ्यावरच येतो. आपल्यातल्या कितीतरी सभासदांच्या तर स्वतःच्याच गाड्या करारावर आहेत. तेव्हा टायर हा ड्रायव्हरचा विषय, आपला नव्हे, असे म्हणून चालणार नाही.

आता मुळाशी जाऊ. ट्रकच्या मागच्या एक्सलला प्रत्येक बाजूला दोन-दोन चाके जोडीने बसवलेली असतात. बैलजोडीसारखेच समजा. ओझे दोघांनी सारखे ओढायचे. त्यातला एक बैल बसला तर गाडी लगेच थांबत नाही, दुसरा ती रेटत राहतो, आणि हाच सगळा घोटाळा आहे. पुढच्या चाकातली हवा गेली की स्टिअरिंग ओढते, ड्रायव्हरला लगेच कळते. मागच्या जोडीतले आतले चाक बसले तर बाहेरचे चाक त्याला उचलून धरते. गाडी वाकडी होत नाही, ओढत नाही, काही बोलत नाही. वरून बघणाऱ्याला बाहेरचा टायर टणक दिसतो, आणि आतला दिसतच नाही.

हिशेब करून बघू. मागच्या एक्सलवर दहा टन भार आहे असे धरा. चार टायर, म्हणजे प्रत्येकी अडीच टन. ट्रकच्या १०.००-२० मापाच्या रेडियल टायरवर पुष्कळदा १४६/१४३ असा आकडा छापलेला असतो. तो उगाच नसतो. १४६ म्हणजे चाक एकटे असेल तर ३००० किलो आणि १४३ म्हणजे चाक जोडीत असेल तर २७२५ किलो. जोडीतल्या टायरची ताकद कंपनीनेच कमी धरलेली आहे, कारण जोडीत भार कधीच अगदी सारखा वाटला जात नाही. आता आतल्यातली हवा गेली की बाहेरच्या एकट्यावर आले पाच टन. पावणेतीन टनांच्या टायरवर पाच टन! वरून आपण "अजून चार मोळ्या बसतील की" म्हणून भर घालतो ती वेगळीच. मोळ्या वाढल्या म्हणून टायरवर छापलेला आकडा काही वाढत नाही.

आणि हवा पुरती गेलेलीच पाहिजे असेही नाही. थोडी कमी असली तरी नुकसान होतच असते, फक्त हळूहळू. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, जास्त वाकतो आणि त्या वाकण्याने तापतो. बाहेरच्या टायरला वारा तरी लागतो. आतला टायर एका बाजूने ब्रेकच्या ड्रमाजवळ आणि दुसऱ्या बाजूने जोडीदाराला चिकटून असतो, त्याची उष्णता जाणार कुठे? त्यात रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असल्याने आतल्या चाकावर भार मुळातच थोडा जास्त येतो. हवा कमी झाली की दोन्ही टायरांच्या फुगलेल्या कडा एकमेकींना घासू लागतात. तापलेले रबर आणि वर वाळके पाचट असा तो मामला असतो. टायरने पेट घेतला तर एखाद-दुसऱ्या घागरीने तो विझत नाही.

दुसरे नुकसान डोळ्यांना दिसत नाही, पण पैशांत दिसते. दहा-वीसच्या टायरचा व्यास एक मीटरपेक्षा थोडा जास्त असतो आणि एका फेऱ्यात तो सुमारे ३.३ मीटर जातो. म्हणजे किलोमीटरला साधारण ३०० फेरे झाले. जोडीतल्या एका टायरचा व्यास दुसऱ्यापेक्षा फक्त ६ मिलिमीटरने, म्हणजे जेमतेम पाव इंचाने, कमी असेल तर प्रत्येक फेऱ्याला दोन सेंटिमीटरच्या आसपास फरक पडतो. दोन्ही चाके एकाच नटांनी आवळलेली आहेत, वेगळी फिरू शकत नाहीत. मग लहान टायर घसटत जातो, किलोमीटरला जवळजवळ सहा मीटर. पंचवीस किलोमीटरच्या एका फेरीत तो सुमारे दीडशे मीटर नुसता रस्त्यावर घासला गेला! नवा टायर आणि गुळगुळीत टायर अशी जोडी लावू नका असे आम्ही म्हणतो ते यासाठी. थोडा फरक असलाच तर लहान टायर आत आणि मोठा बाहेर घालावा. एकाच जोडीत एक नायलॉनचा आणि एक रेडियल असा संसारही लावू नये.

आता तपासणीकडे वळू. पान्याने ठोकून बघायची रीत जुनी आहे, आणि ती अगदीच टाकाऊ नाही. साफ बसलेला टायर ठोकल्यावर 'भद्द' वाजतो, एवढे तिने कळते. पण ९० पौंड आणि ७० पौंड यांतला फरक ठोकून कळत नाही, भल्याभल्या ड्रायव्हरांनाही नाही. आपल्या मिरजेत तंबोरे करणारे कारागीर आहेत. पिढ्यानपिढ्या कानाने जवारी लावतात, त्यांच्या कानाला आम्ही हात जोडतो. पण टायर म्हणजे तंबोरा नव्हे. त्याला गेजच लावले पाहिजे. आणि रेडियल टायरची कड हवा पुरती असतानाही थोडी फुगलेली दिसते, म्हणून नुसत्या नजरेचाही भरवसा नाही.

गेज घेताना लांब दांड्याचे, दुतोंडी घ्या. त्याच्या टोकाला दोन तोंडे असतात, एक पुढे बघणारे आणि एक मागे बघणारे. जोडीच्या चाकांत एकाचा व्हॉल्व्ह आपल्याकडे तोंड करून असतो, तर दुसऱ्याचा पाठ करून. आखूड गेज आतल्या व्हॉल्व्हपर्यंत पोचत नाही, मग ड्रायव्हर कंटाळतो आणि "बाहेरच्यात हाय म्हंजी आतबी हाय" असे म्हणून मोकळा होतो. त्याचा तरी काय दोष! हात घालायला वाट नाही, चिखल माखलेला, आणि मागे पुढची गाडी भोंगा वाजवत उभी.

वाट करायची ती चाक बसवतानाच. बाहेरच्या चाकाच्या डिशला भोके असतात. आतल्या चाकाचा व्हॉल्व्ह त्यांतल्या एका भोकासमोर आला पाहिजे, आणि दोन्ही चाकांचे व्हॉल्व्ह एकमेकांच्या अगदी समोरासमोर, म्हणजे एक वर तर एक खाली, असे आले पाहिजेत. मग कोणता कुणाचा याचा घोळ होत नाही. पंक्चरवाला घाईत असतो, तो कसाही बसवून देतो. नट आवळण्याआधी आपण वाकून बघावे. काही जण आतल्या व्हॉल्व्हला लांब नळी जोडून तिचे तोंड बाहेर घेतात. सोय चांगली आहे, पण ती नळी हादऱ्याने सैल होते आणि तिच्यातूनच हवा झिरपते. साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघा. व्हॉल्व्हच्या टोपीकडे कुणी लक्ष देत नाही. शंभरातल्या नव्वद गाड्यांना टोपी नसते म्हटले तरी चालेल. हिशेब मांडलेला नाही, पण यार्डात फिरताना तरी तसेच दिसते. टोपी नसली की आपल्या शिवारातली काळी माती व्हॉल्व्हमध्ये बसते, पिन नीट मिटत नाही आणि हवा रोज थोडी थोडी जात राहते. गेज लावण्याआधी पिन क्षणभर दाबून माती उडवून द्यावी, नाहीतर ती गेजमध्ये जाते.

हवा सकाळी, गाडी निघण्याआधी, टायर थंड असताना मोजावी. आम्ही गेजचा एवढा आग्रह धरतो, पण चुकीच्या वेळी मोजले तर गेजही फसवते. चालून आलेल्या टायरमधली हवा तापून फुगलेली असते, आकडा दहा-पंधरा पौंडांनी जास्त दिसतो. तो बघून कुणी हवा सोडली, तर थंड झाल्यावर टायर कमी हवेचा राहतो. तापलेल्या टायरमधली हवा कधीही सोडू नये. थंडीचे दिवस आणि उन्हाळा यांतही फरक पडतो. शंभर पौंडाच्या टायरला दहा अंश तपमानामागे सुमारे चार पौंड. डिसेंबरात पहाटे मोजलेले आणि भर दुपारी मोजलेले यांत पाच-सहा पौंडांचे अंतर गाडी न हलवताही पडू शकते. म्हणून रोजची वेळ एकच ठेवावी.

किती भरावी, हा प्रश्न सगळे विचारतात. एकच आकडा आम्ही देणार नाही, कारण तो सगळ्या गाड्यांना लागू पडत नाही. गाडीच्या पुस्तिकेत किंवा दाराजवळच्या पट्टीवर दाब दिलेला असतो, आणि टायरच्या कडेवर जास्तीत जास्त दाब छापलेला असतो. त्या दोन्हींकडे बघूनच भरावी. कुठे आकडा 'बार'मध्ये असतो. एक बार म्हणजे सुमारे साडेचौदा पौंड. एक मात्र पक्के : जोडीतल्या दोन्ही टायरांत हवा सारखी हवी. बाहेर १०० आणि आत ८५ ही जोडी चालणार नाही.

खरे सांभाळायचे ते हवा भरताना, आणि इथे आम्ही सभासदांना हात जोडून सांगतो की पुढचे नीट वाचा व आपल्या ड्रायव्हरलाही वाचून दाखवा.

गेजवरचा 'पौंड' म्हणजे प्रत्येक चौरस इंचावर तेवढे पौंड. वीतभर लांब, वीतभर रुंद, म्हणजे नऊ इंच बाय नऊ इंच, एवढी जागा धरा. ८१ चौरस इंच झाले. १०० पौंड हवेचा तेवढ्या जागेवरचा जोर ८१०० पौंड, म्हणजे साडेतीन टनांहून जास्त होतो. हा जोर ट्यूबच्या टायरमध्ये एक लोखंडी रिंग अडवून धरते. रिंग खाचेत नीट बसलेली नसेल, गंजलेली असेल, वाकलेली असेल, तर ती सुटते आणि बंदुकीच्या गोळीसारखी समोर येते. पंढरपूर रस्त्यावरच्या एका दुकानात काही वर्षांपूर्वी आमच्या डोळ्यांदेखत एका पोराचा हात कोपरापासून गेला. वय असेल एकोणीस-वीस. रिंग जरा उचललेली दिसली म्हणून त्याने हवा चालू असतानाच हातोडीने ठोकली, एवढेच निमित्त झाले.

म्हणून हवा भरताना चाकाच्या समोर कुणीही उभे राहू नये, वाकू नये, बघ्यांनी तर नाहीच. नळी लांब हवी आणि व्हॉल्व्हला पकडून बसणारी हवी, म्हणजे माणूस बाजूला उभा राहू शकतो. सुटे चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच भरावे. पिंजरा नसलेल्या दुकानात सुटे चाक भरून घेऊ नका, दोन किलोमीटर पुढे जा. आधी थोडी हवा भरून थांबावे, रिंग सगळीकडून बसली का ते बघावे. बसली नसेल तर सगळी हवा सोडून पुन्हा बसवावी. आत हवा असताना हातोडीचे काम नाही. तसेच मागची जोडी खोलायची असेल तर नट सैल करण्याआधी आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही टायरांतली हवा सोडून द्यावी. फक्त पंक्चर झालेल्यातली नव्हे, दोन्हींतली.

आणखी एक. आतला टायर बसलेला सापडला की लगेच कॉम्प्रेसरची नळी लावून भरायची सवय असते. जो टायर ठरलेल्या हवेच्या ऐंशी टक्क्यांपेक्षा खाली गेलेला असताना भार घेऊन चालला आहे, त्याच्या कडेतल्या तारा किंवा धागे आतून मोडलेले असू शकतात. बाहेरून काही दिसत नाही. हवा भरता भरता कड चिरत जाते आणि टायर फुटतो. शंभर पौंडाच्या टायरमध्ये ऐंशीपेक्षा कमी सापडली तर तो खोलून, आतून हात फिरवून बघितल्याशिवाय भरू नये. आत रबराची भुकटी किंवा कडेला सुरकुत्या दिसल्या तर तो टायर बाद. जीव जातो तेव्हा टायरची किंमत कुणी विचारत नाही.

दोन टायरांच्या मधल्या फटीकडेही बघावे. फडातून निघताना ढेकूळ किंवा दगड तिथे अडकतो, टायरच्या कडा कापतो, आणि वेग आला की सुटून मागच्या मोटारसायकलवाल्याच्या कपाळावर जातो. गाडी भरल्यावर मागून वाकून बघितले तर दोन टायरांमधून पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. उजेड नसेल तर टायर घासत आहेत.

ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांना बहुधा एकेरी चाके असतात, तिथे आतल्या चाकाची भानगड नाही. फक्त ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या चाकाची हवा आणि ट्रॉलीची हवा यांचा आकडा एक समजू नका, ट्रॉलीला पुष्कळ जास्त लागते. ४०७ सारख्या सहाचाकी गाड्या १९८६ पासून आपल्याकडे आल्या. खत आणायला, द्राक्षे न्यायला, बेण्याची वाहतूक करायला त्या घरोघर झाल्या. त्यांनाही मागे जोडचाकेच आहेत. टायर लहान म्हणून कुणी मोजत नाही, पण वरचे सगळे त्यांनाही जसेच्या तसे लागू आहे. हवेचा आकडा मात्र त्या गाडीच्या पुस्तिकेतला घ्यावा, शेजारच्या ट्रकचा नव्हे.

आता सभासदाने काय करायचे? ट्रक फडात येतो तो रिकामा. तीच वेळ आहे. एकदा मोळ्या चढल्या की जॅक लावणे अवघड, आणि उतरवायला टोळी तयार होत नाही. गाडी आली की ड्रायव्हरला चहा द्या आणि "गेज दाखवा, आतल्याची हवा बघू" म्हणा. चालून आलेल्या टायरचा आकडा थोडा जास्त दिसेल हे लक्षात ठेवा. पण आत आणि बाहेर यांत दहा पौंडांचा फरक दिसला, किंवा आतला थंडगार आणि बाहेरचा तापलेला लागला, तर आधी पंक्चर काढून घ्या, मग भरा. ड्रायव्हर कुरकुरेल. मुकादमही म्हणेल की तोड थांबते. अर्धा तास थांबू द्या, दीड दिवस रस्त्यावर थांबण्यापेक्षा तो स्वस्त पडतो.

गाडीमालक सभासदांनी शंभर पानी वही घालून दर आठवड्याला सहाही चाकांचा आकडा लिहावा, तारखेसह. एकाच चाकाचा आकडा दर आठवड्याला पाच-सहा पौंडांनी उतरत असेल तर व्हॉल्व्ह किंवा ट्यूब कुठे तरी झिरपते आहे. वही नसेल तर हे कळत नाही, कारण प्रत्येक वेळी आपण भरून टाकतो आणि विसरतो. लांब दांड्याचे दुतोंडी गेज प्रत्येक गट कार्यालयात एक ठेवले आहे. सही करून न्यावे, त्याच दिवशी परत करावे.

वर सांगितलेल्या सभासद भगिनींचा खोडवा यंदा त्याच शेतातून तोडीला येणार आहे. पहिला ट्रक फडात शिरेल त्या दिवशी आम्ही गेज घेऊन तिथे हजर राहू, असा निरोप त्यांना धाडला आहे.